पुण्याची गाडी पकडायच्या आधी करायचा एक फोन

माझ्याकडं एक दोनशे पानी वही आहे. २०१६ सालापासून मी ज्या ज्या नोकरीसाठी अर्ज केला, त्या प्रत्येकीला त्यात एक पान दिलंय. डाव्या बाजूला जाहिरात चिकटवलेली, उजव्या बाजूला मुलाखतीत प्रत्यक्ष काय सांगितलं ते. तेवीस पानं भरली आहेत. त्यातल्या चौदा पानांवर डावीकडचं काम आणि उजवीकडचं काम वेगळं आहे.

माझी भाची यंदा बी.कॉम. झाली. गेल्या आठवड्यात तिला पुण्याहून मुलाखतीचा मेसेज आला आणि ती वही बघायला माझ्याकडं आली. आमच्या घरात तेलुगू बोलतात, ती मला अत्ता, म्हणजे आत्या, म्हणते. "अत्ता, जाऊ का?" एवढंच तिनं विचारलं. तिला जे सांगितलं ते इथं लिहून ठेवतेय. मी अकाउंट्समधली आहे, त्यामुळं उदाहरणं त्याच कामातली येतील. तुमचं काम वेगळं असेल तर प्रश्न बदला, रीत तीच ठेवा.

वहीतलं पहिलं पान पुण्याचंच आहे. "ज्युनिअर अकाउंट्स ऑफिसर. पगार २२,००० पर्यंत. अनुभवाची अट नाही. त्वरित नेमणूक." आईनं रात्रीच कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून दिली. सोलापूरहून सकाळी साडेसहाच्या सुमाराची हुतात्मा एक्स्प्रेस पकडली. पोचले तर एका हॉलमध्ये पन्नासएक मुलंमुली, सगळ्यांच्या हातात तसलीच फाइल. दोन तास एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवत बोलले. अकाउंट्सचा शब्द नाही. शेवटी कागद वाटले आणि सांगितलं, तुमच्या ओळखीच्या वीस लोकांची नावं आणि मोबाइल नंबर लिहा. काम विमा पॉलिसी विकायचं होतं. मी नावं लिहिली नाहीत, उठून आले. तिकीट, रिक्षा, चहापाणी, बुडालेला रोज धरून सहाशेच्या वर गेले. आई तेव्हा विड्या वळायची. तिच्या चार दिवसांच्या विड्यांचे ते पैसे होते, हे मला परतीच्या गाडीत दौंड येईपर्यंत आठवत राहिलं.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. मुलाखतीला जायचा खर्च आपला असतो, म्हणून कामाची चौकशी जायच्या आधी करायची, गेल्यावर नाही. आईचं तेच होतं. ठेकेदाराकडून माल घेताना ती आधी पानांचा पुडा सोडून बघायची. पानं फाटकी निघाली तर हजार विड्या भरत नाहीत, मग वरची पानं स्वतःच्या पैशानं आणावी लागतात. घरी आणल्यावर कुरकुर करून उपयोग नाही, तिथंच बघायचं.

जाहिरातीतले शब्द

जाहिरात वाचताना मी पेन्सिल घेते आणि ज्या शब्दातून कामाचा दिवस डोळ्यांपुढं येत नाही, त्याखाली रेघ मारते. "पर्यंत" हा त्यातला पहिला. २२,००० पर्यंत म्हणजे आठ हजारसुद्धा. "आकर्षक पगार" आणि "पगार पात्रतेनुसार" यांत आकडाच नाही. "अनुभवाची अट नाही" हे वाक्य वाईट नाही, नव्यांना कुठंतरी दार उघडायलाच हवं. पण त्याच ओळीत बाजारभावापेक्षा जास्त पगार दिसला तर फिक्स किती आणि टार्गेटवर किती हे विचारायचं. "स्वतःची दुचाकी आवश्यक" असेल तर काम ऑफिसातलं नाही. "ऑल-राउंडर" किंवा "मल्टिटास्किंग" असेल तर दोन माणसांचं काम एकाला देणार का, हा प्रश्न. आपल्याकडं दुकानांच्या काचेवर "टॅली येणारी मुलगी पाहिजे" अशी चिठ्ठी असते. तिच्यात टॅली, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं काम, किती आणि काउंटर किती, हे कधीच लिहिलेलं नसतं.

एक गोष्ट आवर्जून करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, तारखेसकट. नंतर ती बदलते किंवा काढून टाकली जाते, आणि मग तुमच्याकडं दाखवायला काही राहत नाही.

फोन

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून सविस्तर सांगते. पुष्कळ मुलं फोन करत नाहीत. प्रश्न विचारले तर नाव कापतील अशी भीती असते. तेवीस ठिकाणी मिळून चौकशी केली म्हणून माझं नाव दोनदा कापलं गेलं, आणि त्या दोन्ही जागा माझ्या ओळखीच्या मुलींनी नंतर सहा महिन्यांत सोडल्या.

सुरुवात मी अशी करते: "नमस्कार, मी अकाउंट्सच्या जागेसाठी सोमवारी येणार आहे. सोलापूरहून यायचंय, जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, म्हणून चार गोष्टी आधी विचारून घेते." लांबून येणाऱ्याला विचारण्याचा हक्क आहे, हे बहुतेकांना पटतं. आवाज साधा ठेवायचा. उलटतपासणी घेतोय असं वाटू द्यायचं नाही.

पहिला प्रश्न, ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेल्यामुळं रिकामी झाली? सोडून गेली असेल तर ती व्यक्ती किती दिवस होती? वर्षात तिसरं माणूस शोधत असतील तर ते इथंच कळतं. अर्धवट उत्तर आलं तरी अडखळणं ऐकू येतं.

दुसरा, सकाळी आल्यावर पहिलं काम काय असतं, जेवणाआधी काय, नंतर काय? "अकाउंट्सचं सगळं बघायचं" हे उत्तर नाही. "रोजची पन्नास-साठ व्हाउचर, दुपारी बँक रिकन्सिलिएशन, आठवड्याला पार्टी लेजर" हे उत्तर आहे. ज्याला काम माहीत आहे तो पटकन सांगतो.

तिसरा प्रश्न माझ्या कामापुरता आहे, पण त्यानं मला फार वाचवलंय. महिन्याच्या ११ आणि २० तारखेला तुमच्या ऑफिसातली माणसं किती वाजता घरी जातात? दर महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांचं विक्रीचं जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत जातं आणि कर भरायचं ३बी २० पर्यंत. त्या दोन दिवशी थोडा उशीर सगळीकडंच होतो. "आठ वाजतात" असं मोकळेपणानं सांगणारा माणूस बाकीचंही खरं सांगत असतो. "आमच्याकडं टायमिंग एकदम फिक्स" असं म्हणणाऱ्याला अकाउंट्सची माहिती नसते किंवा त्याला सांगायचं नसतं. तुमच्या कामातही असे गर्दीचे दिवस असतील. दुकानात दिवाळीचा आठवडा, कारखान्यात माल लोड व्हायचा दिवस. त्या दिवसाबद्दल विचारा.

चौथा, फिक्स पगार किती आणि पगारपत्रकावर कुणाचं नाव असणार? बोलावणारी कन्सल्टन्सी असते, काम दुसऱ्या कंपनीत असतं आणि पगार तिसराच ठेकेदार काढतो, असं होतं. ते बेकायदाच असतं असं नाही, पण आपल्याला आधी कळायला हवं.

शेवटी, मुलाखत कोण घेणार आणि सगळ्या फेऱ्या एकाच दिवशी होतील का? पहिली फेरी व्हिडिओवर घ्यायची विनंती करा. आता बरेच जण मान्य करतात.

फोन ठेवल्यावर ठरलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवायचं: "बोलल्याप्रमाणे पद अकाउंट्स असिस्टंट, काम ऑफिसात, फिक्स पगार १८,०००, टार्गेट नाही, सोमवारी ११ वाजता येते." समोरून नुसतं "ओके" आलं तरी ते जपून ठेवा. आणि पाचपैकी तीन प्रश्नांना "आल्यावर सांगतो" असं उत्तर आलं, तर तिकीट काढू नका.

गावातल्या गावात

सोलापुरात मात्र हा नियम मी सैल सोडते. इथले छोटे कारखानदार फोनवर पगार बोलत नाहीत, म्हणून ते फसवे आहेत असं नाही. मी कुंभारीला गोदूताई वसाहतीत राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसी माझ्या वाटेवरच आहे. तिथं माझी पद्धत वेगळी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सुटायच्या वेळेला गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहायचं. ऑफिसची माणसं किती वाजता बाहेर पडतात ते बघायचं. वॉचमनमामांना नीट विचारलं तर पगार कोणत्या तारखेला होतो, हे ते सांगतात. पगार ७ तारखेला होतो की २० ला, हे मालक सांगणार नाही, टपरीवर कळतं.

हे मला एका टॉवेल कारखान्यानं शिकवलं. जाहिरातीत "एक्सपोर्ट डॉक्युमेंटेशन असिस्टंट" होतं. मी आठ दिवस बसून अभ्यास केला. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, बिल ऑफ लेडिंग, सगळं तोंडपाठ. अकराची वेळ दिली होती, दीड वाजता आत बोलावलं. मालकांनी माझा बायोडाटा उलटा धरला होता आणि तो शेवटपर्यंत सरळ केला नाही. पहिला प्रश्न, लग्न कधी करणार? दुसरा, लग्नानंतर सोडणार का? मग म्हणाले, काम सोपं आहे, गोडाऊनमध्ये उभं राहून डझन मोजून घ्यायचे, कार्टनवर नंबर टाकायचे, जमलं तर संध्याकाळी बिलं टाइप करायची. एक्सपोर्टचे कागद? ते मुंबईचा एजंट करतो. डझन मोजणं हलकं काम नाही, त्यावरच पुढचं सगळं उभं असतं. पण मी शिकायला निघाले होते एक आणि ते देत होते दुसरं. मी आधी "महिन्याला किती शिपिंग बिलं होतात आणि ती कोण बनवतं?" एवढा एक प्रश्न विचारला असता, तर आठ रात्री वाचल्या असत्या.

लग्नाच्या प्रश्नाला मी आता असं उत्तर देते: "कामाच्या वेळेत मी हजर असेन, आधीच्या ठिकाणचा हजेरीचा दाखला देते." आणि लगेच कामाचा प्रश्न विचारते. बहुतेक जण तिथून पुढं सरकतात. जो पुन्हा पुन्हा तिथंच येतो, त्याच्याकडं रोज आठ तास काढायचे आहेत का, हे मुलींनी स्वतःला विचारावं. गरज असेल तर नोकरी घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून.

कंपनी खरी आहे का

याला अर्धा तास लागतो आणि पैसे लागत नाहीत. नाव प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते सापडायला हवं. जीएसटी नंबर मिळाला तर जीएसटीच्या पोर्टलवर टाका. नोंदणी कधीची, चालू आहे की रद्द, रिटर्न वेळेवर भरतात का, सगळं दिसतं. आणि माझा सगळ्यात आवडता मार्ग म्हणजे ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ कार्यालयाच्या, संकेतस्थळावरचा आस्थापना शोध. नाव टाकलं की कोणत्या महिन्याचे पीएफचे पैसे कधी भरले आणि किती माणसांचे भरले, हे समोर येतं. "आमच्याकडं दोनशेचा स्टाफ" म्हणणाऱ्यांच्या नावावर अकरा माणसं दिसली, तर बाकीच्यांचं काय, हे विचारता येतं. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी पीएफ सहसा लागू नसतो, त्यामुळं छोट्या दुकानाचं नाव सापडलं नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका.

पैसे मागितले तर तिथंच थांबा. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, युनिफॉर्म, लॅपटॉपची अनामत, नाव काही असो. आमच्या वसाहतीतल्या एका मुलानं विमानतळावरच्या नोकरीसाठी आधी १,५०० आणि मग "परत मिळणारे" ६,००० भरले. पैसे गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लाजून दोन दिवस घालवू नका. लवकर कळवलं तर रक्कम पुढं सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. मूळ मार्कशीटही कुणाच्या ताब्यात द्यायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ परत पिशवीत.

फुकटची परीक्षा

टॅलीत दहा एंट्र्या टाकून दाखव, हे योग्य आहे. मीही आता नव्या मुलांना तेच सांगते. पण एका ठिकाणी मला पेन ड्राइव्ह दिला आणि खरेदी रजिस्टर २बीशी, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या पुरवठादारांच्या बिलांच्या यादीशी, जुळवून आण म्हणाले, परीक्षा म्हणून. घरी उघडलं तर त्यात खऱ्या पार्ट्यांची नावं, खरे जीएसटी नंबर, तीन महिन्यांची बिलं. दोन दिवस, दोन रात्री बसून जुळवलं. फाइल दिल्यावर त्यांचा फोन कधीच आला नाही. खूण सोपी आहे. परीक्षेचा डेटा बनावट असतो आणि तासाभरात संपतो. खरा डेटा आणि दिवसांचं काम असेल तर म्हणा, "यातल्या एका महिन्याच्या दहा बिलांचं करून दाखवते, बाकीचं रुजू झाल्यावर करेन."

तीन लाखांचं पॅकेज

भाचीच्या मेसेजमध्ये "३ लाख पॅकेज" होतं. तिनं बाराने भागलं आणि २५,००० हातात येणार असं धरलं. आम्ही दोघींनी कागदावर मांडलं. बेसिक १२,५०० धरलं. कंपनीचा पीएफ वाटा १२ टक्के, म्हणजे १,५००, तो पॅकेजमध्येच मोजतात. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, ४.८१ टक्के, ६०१. कामगिरीवरचं व्हेरिएबल महिना १,०००, तेही वर्षाअखेरी मिळालं तर. राहिले २१,८९९. त्यातून आपला पीएफ १,५०० गेला की २०,३९९. महाराष्ट्रात २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांना व्यवसाय कर नाही, एवढ्या पगारावर पुरुषांचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० जातात. काही कंपन्या गटविम्याचा हप्ताही पॅकेजमध्येच धरतात. मग पुण्यातली कॉट, मेस, महिन्यातून एकदा सोलापूरला येणं. ती गप्प झाली. मी तिला जाऊ नको म्हटलं नाही. पीएफ आपलाच असतो, अनुभव मिळतो. पण सोलापुरात घरी राहून १४,००० मिळत असतील, तर ती तुलना २०,३९९ शी करायची, २५,००० शी नाही.

निघताना आणि नंतर

मुलाखत संपली की एक प्रश्न विचारूनच उठा: "हो असो की नाही, मला कोणत्या तारखेपर्यंत कळेल?" तारीख मिळाली तर त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मेसेज करा. आणखी आठवड्यानं दुसरा. तिसरा करू नका, त्या पानावर "कळवलं नाही" लिहा आणि पुढच्या अर्जाला लागा. नाही म्हणायचंही सौजन्य न दाखवणं अजून माझ्या मनाला लागतं. सोलापूर सोडून कुणी चार तास प्रवास करून आलेलं असतं, एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

वही त्याच रात्री भरा. कोण भेटलं, किती थांबवलं, कामाचं काय सांगितलं, कोणत्या प्रश्नाला मी अडले. शेवटचं फार उपयोगी पडतं. माझी सातव्या पानानंतर टीडीएसच्या, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या कराच्या, प्रश्नावर दांडी गुल होणं बंद झालं, कारण तीन पानांवर तेच लिहिलं होतं.

नेमणूकपत्र मिळालं तर तिथंच सही करू नका. "घरी वाचून उद्या देते" म्हणा. रात्री ते वहीतल्या जाहिरातीशेजारी ठेवून ओळीनं वाचा: पदनाम, कामाचं ठिकाण, फिक्स पगार, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, नोटीस किती दिवसांची, मध्येच सोडलं तर किती भरायचे. माझ्या आताच्या नोकरीच्या पत्रात नोटीस तीन महिने लिहिली होती आणि फोनवर एक महिना ठरलं होतं. मी दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज दाखवला. मॅनेजर म्हणाले, जुना नमुना चुकून छापला गेला, आणि पाच मिनिटांत नवं पत्र काढून दिलं. तेविसाव्या पानावर दोन्ही पत्रांच्या झेरॉक्स लावल्यात.

भाचीनं काल माझ्यासमोर बसून पुण्याला फोन केला. पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली, पाचव्याला त्या बाई म्हणाल्या, पहिली फेरी गुरुवारी व्हिडिओवर घेऊ. तिनं नवी वही आणलीय, जाहिरात अजून चिकटवायची आहे.